भुकेल्या जागेचं वळण

सकाळी फिरायला येणारी माणसं मला थांबवून एकच गोष्ट विचारतात. "काका, हा रस्ता एवढा सुतासारखा सरळ येतो, मग सीताफळांपाशीच काहून वळतो?"

विचारणं बरोबर आहे. इथं आधी नागपूरहून उमरेडच्या अंगाला जाणारी रेल्वेची छोटी लाईन होती, आणि रेल्वे उगाच वळत नाही. आता पटरी निघाली, तिच्या जागी चालायचा आणि सायकलचा रस्ता झाला, दोन्ही बाजूंनी झाडं लागली, तरी रस्ता जुन्या पटरीच्या मातीवरच चालतो. या एकाच जागी तो पाच-सहा पावलं बाजूला होतो, एका गोल कठड्याला वळसा घालतो आणि परत आपल्या जागी येतो. समोरून वयानं मोठं माणूस आलं की आपण कसे बाजूला होतो, तसा.

धंतोलीचे एक डॉक्टर रोज येतात. दिवसभर पेशंटला चाला-चाला सांगतात आणि आपण किती चाललो ते मनगटावरच्या घड्याळात पाहतात. त्यांना मी सांगितलं, खाली झाडाची मुळं आहेत. एका बाईंना सांगितलं, इंजिनियर मॅडमला विचारा. सायकलवाल्या पोरांना सांगितलं, रस्त्याला सरळ जाऊन कंटाळा आला होता. खरं उत्तर एका चकरेत मावत नाही. शिवाय त्यात मी येतो. म्हणून फिरायला येणाऱ्या कोणाला तोंडानं ते दिलं नाही. दिवाळी अंकासाठी लिहून द्या म्हणत माणूस घरी आला, तेव्हा म्हटलं, चला, इथंच देऊन टाकू.

माझं नाव शालिक. शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन अंकवाल्यांनी पाहून घ्यावं, मजकुराला हात लावू नये.

मी चावीवाला होतो. रेल्वेची पटरी स्लीपरवर बसते. स्लीपर म्हणजे आमच्या वेळचे लाकडाचे आडवे ओंडके. पटरी जागची हलू नये म्हणून तिच्या बुडाशी लोखंडाची पाचर ठोकलेली असते, तिला चावी म्हणतात. गाडी गेली की चाव्या ढिल्या होतात. रोज सकाळी खांद्यावर हातोडा घ्यायचा, आपली हद्द पायी चालायची, ढिली चावी ठोकायची, बोल्ट पाहायचे. एकतीस वर्षं मी हेच केलं. पाय स्लीपरच्या अंतरानंच पडायला लागले. घरातही तसाच चालायचो. माझी बायको अनसूया म्हणायची, "घरात तं मानसासारखं चाला. इथी कोणती गाडी येऊन राहिली?"

या कामात डोळ्यांपेक्षा कान जास्त लागतात. घट्ट चावीवर हातोडा पडला की टण्ण वाजतं आणि हातोडा आपणहून परत वर येतो. ढिली चावी खुळखुळते. स्लीपरखालची गिट्टी, म्हणजे खडी, सरकून पोकळी झाली असली तर भद्द असा आवाज येतो, पिकलेल्या फणसावर थाप मारल्यासारखा. तो आवाज आला की ते काम एकट्या चावीवाल्याचं नाही, गँगचं, म्हणजे दहा जणांच्या टोळीचं.

आता गँगला कळवायचं कसं? मी पुढं निघून गेलेलो, गँग मागून येणार, तेव्हा फोन कुठले. त्यासाठी चुना होता. पटरीच्या पोटावर चुन्याची एक रेघ म्हणजे इथं नजर टाका. दोन रेघा म्हणजे इथं गिट्टी भरल्याशिवाय पुढं पाऊल टाकू नका. गँग यायची, रेघा पाहायची, सब्बल, म्हणजे पहार, लावून स्लीपर उचलायची, खाली गिट्टी ठोकून-ठोकून भरायची. नंतर दहाच्या सुमाराला पॅसेंजर निघून जायची. ना कागद, ना सही. मी दोन रेघा ओढल्या की दहा माणसं थांबायची. चौथी पास माणसाच्या लिहिण्याला एवढा मान कुठं मिळत नाही. मला त्या चुन्याचा फार गर्व होता, आजही आहे, आणि सगळी भानगड त्या गर्वातूनच झाली.

पण आधी रस्त्याचं सांगतो.

मोठी लाईन बाजूनं नवी टाकली तेव्हा छोट्या लाईनीचा हा तुकडा मोकळा सुटला. काही वर्षं तिथं बाभळी वाढल्या, लोकांनी कचरा टाकला. मग ठरलं की याचा हिरवा रस्ता करायचा. एक दिवस माझ्या दारात एक पोरगी येऊन उभी राहिली. डोक्यावर टोपी, बुटाला चिखल.

"शालिक काका तुम्हीच ना? मी पल्लवी. या रस्त्याचं काम माझ्याकडे आहे. जुन्या लाईनीखाली किती मोऱ्या आहेत ते तुम्हाला माहीत आहे म्हणे."

मोरी म्हणजे पटरीच्या मातीखालून पाणी जायला ठेवलेली वाट. मी म्हटलं, "नकाशात पाहा न."

"नकाशात सात आहेत."

"नऊ आहेत."

"दाखवाल?"

मी चप्पल घातली. त्या दिवसापासून मी कामावर लागलो, आणि पोरगी म्हणायचं सोडून मॅडम म्हणायला लागलो, कारण नववी मोरी शोधायला ती स्वतः पोटावर सरपटत आत गेली होती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पटरी काढली, सिमेंट ओतलं, झाला रस्ता. तसं नसतं. पटरीखालची मातीची भिंत शेतांच्या मधून गेलेली असते. मोऱ्या बुजल्या असल्या तर ती पाणी अडवते आणि एका पावसात कुठंतरी फुटते. म्हणून आधी मोऱ्या मोकळ्या करायच्या. गिट्टी उकरून चाळायची, चांगली परत वापरायची. सडके स्लीपर बाजूला, बरे असतील त्यांचे बाक. मग मुरूम, मग रोलर. मॅडमनं एकदा सांगितलं, "काका, जगात ठिकठिकाणी बंद पडलेल्या लाईनींचेच असे रस्ते करतात. म्हाताऱ्यांना, लहान मुलांना दम लागत नाही. चढ रेल्वेनं आधीच काढून ठेवलेला असतो."

मी म्हटलं, "रेल्वेनं नाही. आम्ही काढला."

ती हसली, पण वहीत लिहून घेतलं.

तिला प्रत्येक गोष्टीचं काहून लागायचं, आणि मलाही तीच खोड. आमचं जमलं. झाडांचं कोडं तिनंच काढलं. जुन्या आउटर सिग्नलपाशी आंबा, चिंच, बोर, जांभूळ यांची गर्दी आहे, आणि पुढं मैलभर फक्त बाभळी. "इथंच कोणी बाग लावली होती का?" मी सांगितलं, इथं गाडी अडून राहायची. सिग्नल मिळेपर्यंत लोक खिडकीतून खात बसायचे आणि कोया-चिंचोके बाहेर फेकायचे. माझं तर काम होतं ती रोपं कापायचं, पटरीच्या जवळ झाड चालत नाही. उतारावरची मात्र मी सोडून द्यायचो. माणसानं खाऊन फेकलेलं उगवतं कसं, ते पाहायची मौज होती.

मॅडम खूश झाली. म्हणाली, झाडं आहेत तिथं गाडी थांबत होती, असा पाटीवर मजकूर लिहू. मग चालत-चालत आम्ही सीताफळांपाशी आलो. पंधरा-वीस झाडं, सगळी एका वयाची, सगळी उताराच्या एकाच अंगाला.

"इथं सिग्नल होता?"

"नाही."

"स्टेशन?"

"नाही."

"मग गाडी इथं काहून थांबली?" माझाच शब्द तिनं मला परत दिला.

मी म्हटलं, "पाखरांनी बिया टाकल्या असतील."

तिनं वही मिटली. पाखरं एका रांगेत एका दिवशी बिया टाकत नाहीत, हे तिलाही कळत होतं.

त्या जागेला आम्ही गँगवाले भुकेली जागा म्हणायचो. कितीही गिट्टी भरा, पंधरा दिवसांत पुन्हा भद्द. आमचा मुकादम होता सुखदेव मेश्राम. त्याच्या बापानं नागपुरात धम्मदीक्षा घेतलेली, तेव्हापासून त्यांच्या घरात कोणी कोणासमोर वाकत नसे. गँगमध्ये त्याच्याइतकं गिट्टी ठोकणं कोणाला जमत नव्हतं. हातात बीटर घेतला की स्लीपर जागेवर असा बसायचा जसा तिथंच उगवला. आम्ही दुपारी एकत्र डबे उघडायचो. माझ्या आईला आवडत नव्हतं मी त्याच्या शेजारी जेवतो ते. अनसूया मात्र डब्यात जवसाची चटणी दुप्पट भरायची. सुखदेव भाकर संपल्यावर नुसती चटणी चाटून खायचा. "शालिक, तुया बायकोले सांग, मी हे चटणी खायलेच कामावर येतो."

भुकेल्या जागेवर मी महिन्यातून दोन-तीनदा तरी दोन रेघा ओढायचो. एक दिवस सुखदेव सगळ्या गँगसमोर म्हणाला, "काहून बे, त्याच जागी रोज चुना लावतं. दुसरी जागा दिसत नाही का तुले? का तथी तुई सासुरवाडी आहे?"

दहाही माणसं हसली. तोही हसला. मी हसलो नाही. माझ्या चुन्यावर कोणी हसलेलं मला चालत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या जागेवर आलो. हातोडा मारला. भद्द. आजवर ऐकला नव्हता एवढा खोल आवाज. चुन्याची डबी हातात होती. मी मनात म्हटलं, नाही लावत जा. येऊन तूच हातोडा मार. आणि मी पुढं गेलो.

गँग आली, रेघा दिसल्या नाहीत, तीही पुढं गेली. दहा वाजता पॅसेंजर आली. इंजिन निघून गेलं, दुसऱ्या डब्याची चाकं पटरीवरून उतरली. छोटी लाईन, सावकाश गाडी, डबा कलला आणि मातीला टेकला, पडला नाही. कोणी मेलं नाही. एका म्हाताऱ्या माणसाचा हात मोडला. बाजाराला निघालेल्या बायांच्या टोपल्या दारातून उताराला गेल्या, सगळी सीताफळं. आवाज ऐकून मी धावत मागं आलो. एक बाई डब्यातून उतरल्या-उतरल्या आधी मलाच शिव्या द्यायला लागली, आणि मी खाली वाकून तिची सीताफळं गोळा करत होतो. फुटलेली तिथंच राहिली.

साहेब आले. चौकशी बसली. मला विचारलं, "सकाळी तपासलं होतं?"

"हो."

"खूण केली होती?"

मी सुखदेवकडं पाहिलं नाही. म्हटलं, "केली होती. रात्रीपासून आभाळ होतं साहेब. पावसाची सर आली असंल, धुऊन गेली असंल."

त्यांनी ते लिहून घेतलं. खाली मी सही केली, चौथी पासची, मोठ्या अक्षरातली. सुखदेवला विचारलं तर तो एवढंच बोलला, "खूण दिसली नाही." त्यावर साहेबांनी अर्थ काढला की भराई ढिली होती आणि मुकादमाचं लक्ष नव्हतं. त्याची मुकादमकी गेली. तो त्याच गँगमध्ये साधा गँगमन म्हणून उभा राहिला, ज्यांना काल हुकूम द्यायचा त्यांच्याच रांगेत.

दुपारी आम्ही डबे उघडले. मी चटणी पुढं केली. तो म्हणाला, "नोको. पित्त झालं."

दोन वर्षं त्याचं पित्त गेलं नाही. मग त्याची बदली झाली. अनसूया विचारायची, मुकादमाले चटणी आवडली नाही का आता. मी सांगायचो, पित्त झालं.

मी स्वतःला काय समजावत होतो तेही लिहितो. मी म्हणायचो, खूण नव्हती हे खरं, पण भराई त्याची ढिलीच असली पाहिजे. एवढा मोठा कारागीर आणि त्याच्या हातची गिट्टी पंधरा दिवस टिकत नाही, हे कसं? त्या एका टेकूवर मी आयुष्य काढलं.

आता रस्त्याचं काम करताना ती जागा परत भूक दाखवायला लागली. मुरूम टाकला, रोलर फिरला, आणि दोन पावसांत ताटासारखी खळगी पडली. ठेकेदारानं परत भरली. परत खळगी. उद्घाटन जवळ आलेलं. तो म्हणाला, "यावर कोणती रेल्वे जाणार आहे? सायकलीच तर जाणार. भरून टाका."

मी त्या खळगीत जाऊन बसलो.

"बाबा, उठा. रोलर येऊन राहिला," ठेकेदार म्हणाला.

"येऊ दे. खोदल्याशिवाय मी उठत नाही."

"खाली काय आहे असं?"

"तेच तर मले पाहायचं आहे."

ठेकेदारानं मॅडमला बोलावलं. ती माझ्यासमोर उकिडवी बसली. "काका, मातीचे नमुने घेतलेत. दोन्ही बाजूंना ठीक आहे. साधं खचणं असेल."

"मॅडम, या जागेनं एकतीस वर्षं आमची गिट्टी खाल्ली. गेली कुठं ती?"

कोडं सुटलं नाही की तिला चैन पडत नसे. मी सब्बल मागवली. दहा पावलं अलीकडं जमिनीत ठोकली, तिला म्हटलं, वरच्या टोकाला कान लावा. मी बाजूला मोठा दगड आपटला. तिनं सांगितलं, ठक् आला. मग भुकेल्या जागेत सब्बल ठोकली. ती टोपी काढून अक्षरशः मातीत लोळली आणि कान लावला. मी दगड आपटला. तिनं हात वर केला, थांबा म्हणून.

"काका, आवाज येऊन गेल्यावर खाली काहीतरी सरकतंय."

"किती वेळ?"

"अजून सरकतंय."

जेसीबी आला. चालवणारा वरून ओरडला, "बाबा, यहाँ गड़ा हुआ धन है क्या?" मी म्हटलं, "हाव, तुयाच आजानं ठेवला आहे. हळू काढ." मुरूम निघाला, काळी माती निघाली, आणि मग बादलीला घडीव दगड लागला. त्याच्या शेजारी दुसरा. तिसरा. रांग सरळ नव्हती, वाकत होती. मॅडमनं हातानं माती झाडली आणि गोल पूर्ण व्हायच्या आधीच ती म्हणाली, "विहीर आहे ही."

लाईन टाकली त्या काळात कोणीतरी शेतातली दगडी विहीर वरून लाकडं आणि माती टाकून बुजवली आणि तिच्यावरून पटरी नेली. लाकडं सडली. पावसाळ्यात पाणी वर चढायचं, उन्हाळ्यात उतरायचं, आणि प्रत्येक वेळी आमची गिट्टी घोटाघोटानं खाली ओढायचं. शेजारच्या शेतातला म्हातारा बघायला आला. म्हणाला, त्याचा आजा सांगायचा की आमची एक विहीर रेल्वे प्यायली, पण कोणाला खरं वाटत नव्हतं. काठाच्या दगडांवर दोरांनी घासून पडलेल्या खाचा होत्या, बोट बसेल एवढ्या. मॅडम त्या खाचांतून बोट फिरवत राहिली. आत पाहिलं तर सगळी गिट्टी. काळी, स्वच्छ, धुतल्यासारखी. सुखदेवच्या हातची, आमच्या हातची, आमच्या आधीच्यांच्या हातची.

सगळे खूश झाले. ठेकेदारही फोटो काढायला लागला. मी बाजूच्या बाकावर जाऊन बसलो, जो आमच्याच स्लीपरचा केला होता. माझा टेकू गेला होता. भराई ढिली नव्हती. कोणीही, कितीही चांगली भरली असती तरी टिकली नसती. आता चुकीची एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे मी न ओढलेल्या दोन रेघा आणि त्यावर केलेली सही.

मॅडम शेजारी येऊन बसली. "काका, सीताफळं पाखरांनी नाही ना लावली?"

मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदा कोणाला तरी. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलेल. ती एवढंच म्हणाली, "सुखदेव काका आहेत का अजून?"

विहीर साफ झाली, कठडा बांधला, वर जाळी बसवली. रस्ता कसा वळवायचा ते मॅडम कागदावर काढत होती. मी म्हटलं, कागद ठेवा. दोरी धरली, चुना घेतला आणि वळण मी आखलं. गाडीसुद्धा विनाधक्का गेली असती, असं आखलं. ते तुमच्या पायाखाली आहे.

सुखदेव नागपुरातच, इंदोऱ्याला पोराकडं राहतो. मी ऑटो घेऊन गेलो. डोळ्यांत मोतीबिंदू, हातात काठी, पण आवाज तोच. दारात मला ओळखायला त्यानं वेळ लावला, की मुद्दाम लावला, माहीत नाही.

"कोण?"

"शालिक. चावीवाला."

"काहून आला गा?"

"भुकेली जागा सापडली. दाखवायले नेतो."

तो चप्पल शोधायला लागला.

मी त्याला हात धरून कठड्यापर्यंत आणलं. त्यानं जाळीवरून हात फिरवला, जाळीतून खडा टाकायला सांगितला. खडा गेला, पाणी वाजलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "पाह्य न, बावा. मी म्हणे हे एवढं खाते तं जाते कुठी."

मी सरळ बोलून टाकलं. "सुखदेवभाऊ, त्या दिवशी मी खूण नव्हती लावली. पाऊस आला नव्हता. मी खोटं बोललो."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पाऊस नव्हता ते. मी सकाळी त्याच रस्त्यानं आलो होतो. चपलीले धूळ होती बे, चिखल नव्हता."

"मग तू साहेबाले काहून नाही सांगितलं?"

"मी काहून सांगू?" आता त्याचा आवाज चढला. "तुया तोंडचं होतं, तू सांगायचं. मी म्हटलं, शालिक आहे, अकडू आहे, पण येईल. आज सांगेल, उद्या सांगेल. मी वाट पाहून राहिलो. तू चटणी पुढं करे. मी म्हटलं, आता सांगते वाटते. तू चटणीच पुढं करे फक्त."

मला दोन वर्षांचं पित्त तेव्हा कळलं. एवढा कान असलेला मी चावीवाला.

आम्ही दोघं कठड्यावर हात ठेवून उभे होतो. सायकली जात होत्या. एक पोरगी घंटी वाजवून गेली. मग सुखदेवनं बंडीच्या खिशातून तंबाखूची डबी काढली, चुन्याचं झाकण उघडलं आणि माझ्यापुढं धरली.

"मी तंबाखू सोडला," मी म्हटलं.

"तंबाखू कोण देऊन राहिला तुले? चुना घे. लाव."

"कुठी?"

"कुठी म्हणजे? जागा समोर आहे. त्या दिवशीची राहिली आहे न. लाव."

मी बोटावर चुना घेतला आणि कठड्याच्या दगडावर दोन रेघा ओढल्या. त्यानं डोळे जवळ नेले, दिसल्या नसाव्यात, म्हणून बोट लावून पाहिलं. ओल्या होत्या. बोट धोतराला पुसलं.

"हाव," तो म्हणाला. "आता डबा काढ. रिकामा तं आला नसशील."

बाकावर बसून मी डबा उघडला. भाकर, कांदा, जवसाची चटणी. त्यानं भाकरीकडं पाहिलं नाही. चटणीची चिमूट जिभेवर ठेवली आणि चावत राहिला, सावकाश, गिट्टी ठोकायचा तसा एका लयीत.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला. "हे अनसूयेच्या हातची नाही."

"सुनेनं केली. अनसूया जाऊन चार वर्षं झाले."

त्याचा हात डब्यावर तसाच थांबला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार होतं, मीच सांगायचं होतं.

"लय उशीर केला बे तू," तो म्हणाला, आणि डब्यातली उरलेली चटणी त्यानं बोटानं पुसून, चाटून, पूर्ण संपवली.